बिलावर नाव आमचं

मागच्या अंकात मी आमच्या गावच्या आगीच्या बंबाबद्दल लिहिलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, बॅलरॅटच्या पश्चिमेला, गहू आणि मेंढ्यांच्या मुलखात आम्ही राहतो. मी शाळेत गणित शिकवते. २०१४ पासून कंट्री फायर अथॉरिटी या राज्याच्या अग्निशमन संस्थेच्या, म्हणजे इथे सगळे ज्याला सीएफए म्हणतात तिच्या, आमच्या गावातल्या ब्रिगेडमध्ये मी स्वयंसेवक आहे आणि गेली सहा वर्षं ब्रिगेडची खजिनदारही. दोन्ही कामं बिनपगारी. लेखानंतर आलेली पत्रं संपादकांनी माझ्याकडे पाठवली. त्यातल्या चार पत्रांना इथे उत्तर देते.

ताई, माझा मुलगा बेंडिगोला असतो. कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, त्याच्या घराची किंमत सात लाख डॉलर धरली आहे. २०२५ च्या घरपट्टीच्या बिलात ‘इमर्जन्सी सर्व्हिसेस अँड व्हॉलंटिअर्स फंड’ या नावाने २५७ डॉलर लावले आहेत. आदल्या वर्षी त्याच ओळीत १९३ होते. तो म्हणतो, ‘बाबा, हे त्या फुकट काम करणाऱ्या लोकांसाठी वाढवलंय.’ तुम्ही तर लिहिलंत की स्वयंसेवकाला एक पैसा मिळत नाही. मग पैसा जातो कुठे? मी जिल्हा परिषदेत लेखा विभागात होतो. गोलमाल उत्तर चालणार नाही.
– एक निवृत्त वाचक, सांगली

काका, आधी तुमच्या मुलाचं बिल तपासलं. आकडा बरोबर आहे. राहत्या घराला १३६ डॉलर ठरावीक, आणि किमतीच्या दर हजार डॉलरमागे १७.३ सेंट. सातशे हजारांचे झाले १२१. बेरीज २५७. आदल्या वर्षी ठरावीक रक्कम १३२ होती आणि दर ८.७ सेंट. म्हणजे ठरावीक रक्कम चारच डॉलरनी वाढली, दर मात्र जवळजवळ दुप्पट झाला. दुकानांचे आणि कारखान्यांचे दर वेगळे, शेतीचे वेगळे.

आता पैसा कुठे जातो ते सांगते. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

२०१३ पर्यंत इथे आगीच्या सेवेचा खर्च विम्यातून निघायचा. सीएफएच्या खर्चाचा साडेसत्याहत्तर टक्के वाटा विमा कंपन्या उचलायच्या आणि साडेबावीस टक्के राज्य सरकार. कंपन्या तो पैसा अर्थातच विमेदाराच्या हप्त्यात घालायच्या. त्यामुळे ज्याने घराचा विमा काढला तो बंबाचा खर्च भरायचा, आणि ज्याने काढला नाही त्याला काहीच द्यावं लागायचं नाही. आग विचारून लागत नाही आणि बंबही पॉलिसी बघून निघत नाही. ७ फेब्रुवारी २००९ च्या शनिवारी व्हिक्टोरियात वणवे पेटले आणि १७३ माणसं गेली. त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने इतर अनेक शिफारशींबरोबर हेही सांगितलं की विम्यावरचा हा बोजा काढा आणि मालमत्तेवर लावा. १ जुलै २०१३ पासून तसं झालं. वसुली कौन्सिलांनी घरपट्टीच्या बिलातून करायची आणि पैसा राज्याला द्यायचा. ही पद्धत मला तेव्हा न्याय्य वाटली आणि आजही वाटते. ज्याचं घर किंवा शेत वाचवायला आम्ही निघणार, त्याचा वाटा त्यात असलाच पाहिजे.

१ जुलै २०२५ ला दोन गोष्टी बदलल्या. दर वाढला आणि कराच्या छत्रीखाली बरीच जास्त माणसं आली. आधी हा कर आगीच्या सेवांपुरता होता. आता पूर-वादळात धावणारी राज्य आपत्कालीन सेवा, तिहेरी शून्य या नंबरवर फोन घेणारी यंत्रणा, राज्याचा नियंत्रण कक्ष, जंगलातल्या आगी विझवणारं खातं, आपत्तीनंतरच्या पुनर्वसनाचं काम, असं सगळं त्यात आहे. यातलं एकही काम अनावश्यक नाही. फोन उचलणारं कोणी नसेल तर आमचा पेजर वाजणारच नाही. पण यातला बराच खर्च आधी राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीतून व्हायचा. तुम्ही लेखा विभागात होतात, त्यामुळे तुम्हाला जास्त फोड करून सांगायला नको. एका शीर्षातला खर्च उचलून दुसऱ्या शीर्षाखाली नेला, आणि त्या शीर्षाला नाव दिलं स्वयंसेवकांचं.

आमच्या लोकांना खरं लागलं ते हे. पैसा वाढला याचं दुःख होतंच, पण गावातला माणूस बिल हातात घेऊन आमच्याकडे बघू लागला, ते सहन झालं नाही. कॉफीच्या दुकानात एकजण मला म्हणाला, “तुम्हाला आता पगार सुरू झाला म्हणे.” बारा वर्षांपासून ओळखीचा माणूस. तो रागावलेला नव्हता, त्याला खरंच तसं वाटलं होतं. बिलावर लिहिलेलं वाचून आणखी काय वाटणार?

स्वयंसेवकाला या निधीतून काय मिळतं, तेही सांगते. सक्रिय स्वयंसेवकाला स्वतःच्या राहत्या घरावरच्या किंवा एका शेतावरच्या या कराचा परतावा मागता येतो. मला मिळाला. पण आमच्या ब्रिगेडमधली दोन तरुण मुलं भाड्याच्या घरात राहतात. त्यांना घरच नाही, तर परतावा कशाचा? तीच दोघं सर्वांत जास्त कॉलना येतात.

कौन्सिलांचं भांडण वेगळं, पण तेही मला पटतं. त्यांना ना दर ठरवता येतो, ना पैसा खर्च करता येतो. फक्त बिल छापायचं, वसूल करायचं आणि थकबाकीदाराच्या मागे लागायचं. राज्यभरच्या कौन्सिलांनी आणि त्यांच्या संघटनेने याला उघड विरोध केला. आमच्या कौन्सिलच्या काउंटरवर बसणारी बाई माझ्या एका विद्यार्थिनीची आई आहे. बिलं गेली त्या आठवड्यात लोक तिच्यासमोर येऊन ओरडत होते. तिच्या हातात काय होतं?

शेतकऱ्यांचं आणखी कठीण. शेतीला दर हजारी २८.७ सेंट लागायचे. ते आधी ८३ करणार म्हणाले, मग ७१.८ वर आणले. तीस लाख डॉलर किमतीच्या शेताला ८६१ च्या जागी २१५४ डॉलर, शिवाय ठरावीक रक्कम. आणि हे कधी, तर पश्चिम भागात दुष्काळ पडलेला आणि लोक विकतचा चारा मेंढ्यांना घालत असताना. मेलबर्नला विधिमंडळासमोर ट्रॅक्टर आणि आगीचे बंब एकत्र उभे राहिले. शेवटी सरकारने त्या वर्षापुरता शेतीचा दर जुनाच ठेवला. बाहेरून बघणाऱ्याला हे शेतकरी आणि स्वयंसेवक असे दोन मोर्चे वाटले असतील. आमच्याकडे ती एकच माणसं आहेत. आमच्या एकोणीस जणांतली अकरा जणं शेती करतात.

मे २०२५ मध्ये विधेयक मंजूर झालं, तेव्हा काही ब्रिगेडींनी निषेध म्हणून आपले बंब ‘उपलब्ध नाहीत’ असं कळवलं. आमच्या बंबाच्या शेडमध्येही त्यावर बैठक झाली, रात्री साडेअकरापर्यंत. मी बंब बंद ठेवायच्या विरोधात मत दिलं. एकोणीसपैकी दहा जण माझ्या बाजूचे निघाले, नऊ विरुद्ध. एका मताने. त्या नऊ जणांबद्दल मला आजही आदर आहे. त्यांचं म्हणणं होतं की दरवेळी आम्ही ‘लोकांसाठी’ म्हणून गप्प बसतो, आणि सरकारला ते पक्कं ठाऊक आहे. मी एवढंच म्हणाले की आपलं भांडण विधिमंडळाशी आहे, पण बंब थांबला तर जळणार शेजाऱ्याचं गोठाघर.

मग मी खजिनदार म्हणून एक काम केलं. तीन वर्षांच्या वह्या काढल्या आणि एका पानावर मांडलं, ब्रिगेडने स्वतः किती जमवलं. हार्डवेअरच्या दुकानाबाहेर सॉसेज भाजून विकले त्याचे, लॉटरीच्या तिकिटांचे, मेंढ्यांच्या लिलावाच्या दिवशी चहा-सँडविचचे. धुरातून माणूस दिसावा म्हणून घेतलेला उष्णतेचा कॅमेरा अशाच पैशांतून आलाय. सरकारची एक योजना चांगली आहे. ब्रिगेडने एक डॉलर उभा केला की सरकार दोन घालतं. त्यातून आम्ही छोटी गाडी घेतली. पण तो पहिला एक डॉलर उभा करायला आम्ही किती शनिवार उन्हात उभे राहिलो, तेही त्या पानावर तासांत लिहिलं. ते पान आमच्या लोकप्रतिनिधीला पाठवलं. काका, तुमच्या मुलालाही पाठवते. बिलातला किती पैसा आमच्या शेडपर्यंत येतो, हे बिलावर छापा, एवढीच आमची मागणी त्या पानाखाली आहे.

मी पिंपरीच्या कारखान्यात तीस वर्षं युनियनचं काम केलं. फुकट राबणारा माणूस दारात उभा राहिला की पगारदार माणसाची किंमत उतरते, हा माझा अनुभव. तुमच्या राज्यात २०१६ मध्ये स्वयंसेवक पगारी अग्निशामकांच्या युनियनच्या कराराविरुद्ध कोर्टात गेले, असं वाचनात आलं. तुमच्यासारख्या सुशिक्षित बाईला हे पटतं का?
– कॉम्रेड, चिंचवड

कॉम्रेड, तुम्ही सहीत लिहिलंय म्हणून तसंच म्हणते. माझे वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते आणि युनियनचे सभासद होते. संपाच्या दिवसांत आमच्या घरी चूल कशी पेटायची, ते मला ठाऊक आहे. तेव्हा उत्तर त्या घरातलं समजा.

तेव्हाची स्थिती अशी होती. मेलबर्नच्या मध्यभागाला १८९१ पासून स्वतःचं पगारी अग्निशमन दल होतं. बाकी राज्य सीएफएकडे. सीएफए प्रामुख्याने स्वयंसेवकांची, पण वाढत्या उपनगरांत आणि मोठ्या गावांत तिची काही ठाणी अशी होती की पगारी आणि बिनपगारी एकाच छताखाली. पगारी लोकांच्या वेतनकरारात युनियनने काही कलमं मागितली. त्यातलं एक होतं की या ठाण्यांच्या हद्दीत आगीशी भिडण्याआधी घटनास्थळी सात पगारी अग्निशामक असले पाहिजेत. स्वयंसेवकांच्या संघटनेला त्यात आपला अधिकार जाताना दिसला आणि ती सर्वोच्च न्यायालयात गेली. इथे राज्याच्या वरिष्ठ न्यायालयालाही सर्वोच्चच म्हणतात. आपत्कालीन सेवा खात्याच्या मंत्री जेन गॅरेट करार मान्य करायला तयार नव्हत्या, त्यांनी जून २०१६ मध्ये राजीनामा दिला. सरकारने सीएफएचं संचालक मंडळ बरखास्त केलं. मुख्य कार्यकारी अधिकारी पद सोडून गेल्या, पाठोपाठ मुख्य अग्निशमन अधिकारीही. त्याच वेळी देशाची निवडणूक होती. कॅनबेराच्या सरकारने आमचा प्रश्न प्रचारात घेतला आणि त्याच वर्षी देशाच्या कामगार कायद्यात दुरुस्ती केली.

आता मला काय पटलं ते. सात माणसांच्या मागणीमागचं कारण मला पटलं. जळत्या घराच्या आत दोघं जातात, त्यांना काही झालं तर ओढून काढायला बाहेर दोघं तयार लागतात, पंपावर एक, हुकूम देणारा एक. बोटं मोजली तर सहा इथेच होतात. न पटणारी गोष्ट होती ती ही, की हे मोजताना आमची बोटं धरायचीच नाहीत. त्याच ठाण्यावर पंधरा वर्षं शिकलेला, तोच मुखवटा लावून आत जाणारा स्वयंसेवक समोर उभा असला तरी तो मोजदादीत नाही. आणि गवताची आग निराळी. ती वाऱ्याबरोबर पळते. तिथे पहिल्या वीस मिनिटांत जो पोचेल तोच कामाचा, मग त्याचं पगारपत्रक असो वा नसो.

त्या वर्षात मला सर्वांत वाईट कशाचं वाटलं सांगू? ट्रेनिंगला येणाऱ्या पगारी अधिकाऱ्याशी आमच्यातले काहीजण बोलेनासे झाले. मला श्वसनयंत्र वापरायला त्या माणसाने शिकवलं होतं. अंधाऱ्या कंटेनरमध्ये, भिंतीला हात लावून सरकत, माझा हात धरून. त्याने आमचं काय वाकडं केलं होतं? दोन्ही बाजूंचे पुढारी टीव्हीवर आमच्या नावाने बोलत राहिले आणि शेडमध्ये दोन माणसं एकमेकांच्या नजरेला नजर देईनात.

२०१९ मध्ये कायदा झाला. १ जुलै २०२० पासून तशी ३८ ठाणी आणि मेलबर्नचं जुनं दल मिळून फायर रेस्क्यू व्हिक्टोरिया हे नवं पगारी दल झालं आणि सीएफए पूर्णपणे स्वयंसेवकांची राहिली. त्याच कायद्याने एक फार मोठी गोष्ट केली. ठरावीक वर्षं आगीवर काम केलेल्या माणसाला ठरावीक प्रकारचा कर्करोग झाला, तर तो कामामुळेच झाला असं धरायचं. पुरावा त्याच्याकडे मागायचा नाही. पगारी असो की बिनपगारी. कॉम्रेड, ही मागणी युनियनने वर्षानुवर्षं लावून धरली होती. तिचं श्रेय मी मोकळ्या मनाने देते.

पगारदाराच्या पोटाबद्दल म्हणाल, तर आमच्या गावात वर्षाला साठेक कॉल येतात. इथे चोवीस तासांचं पगारी ठाणं चालवायचं तर चार पाळ्यांची माणसं लागतील, आणि ती आठवड्याचे बहुतेक दिवस बसून राहतील. तिथे आम्हीच बरोबर. पण मेलबर्नच्या कडेला एकेका वर्षात हजारो घरं उभी राहतात आणि जुनी गावं बघता बघता उपनगरं होतात. तिथे पगारी माणसं नेमायचा खर्च टाळायला कुणी स्वयंसेवकांच्या सेवाभावाचं गुणगान गाऊ लागला, तर मी तुमच्या बाजूला उभी राहीन.

माझी सून मेल्टनजवळ राहते. तिने तिथल्या ब्रिगेडमध्ये नाव दिलंय. घरात दोन लहान मुलं. मी फोनवर काही बोलले नाही, पण मला झोप येत नाही. हे काम खरंच सुरक्षित आहे का हो?
– एक सासूबाई, नागपूर

मावशी, सुरक्षित आहे असं मी म्हणणार नाही. १६ फेब्रुवारी १९८३ ला अप्पर बीकन्सफील्ड इथे एकाच ठिकाणी बारा स्वयंसेवक गेले. २ डिसेंबर १९९८ ला आमच्यापासून फार लांब नसलेल्या लिंटनला वाऱ्याची दिशा फिरली आणि जिलाँग वेस्ट ब्रिगेडचे पाचजण बंबासकट आगीत सापडले. मी लिंटनवरून गाडीने जाते तेव्हा रेडिओ बंद करते.

त्या पाच जणांमुळे काय बदललं, ते तुमच्या सुनेला पहिल्या महिन्यातच शिकवतील. टाकीतलं सगळं पाणी आगीवर कधीच टाकायचं नाही. ठरावीक पाणी स्वतःच्या जिवासाठी राखायचं, ती खूण ओलांडली की मागे फिरायचं. दर वर्षी वणव्याच्या मोसमाआधी आम्ही सराव करतो. बंब थांबवायचा, सगळ्यांनी आत शिरायचं, उष्णता अडवणारे पडदे ओढायचे, लोकरीची ब्लँकेटं अंगावर घ्यायची, गाडीवरचे फवारे सुरू करायचे आणि मोठ्याने डोकी मोजायची. हा सराव झाल्याशिवाय त्या वर्षी बंबावर चढता येत नाही. मी बारा वेळा केलाय. दरवेळी ब्लँकेटखाली मुलीचा चेहरा समोर येतो.

पैशाचा वाद इथे येऊन पोचतो, मावशी. हे फवारे, पडदे आणि बंद केबिन नव्या बंबांवर चांगली असतात. जुन्या बंबांवर मागची माणसं उघड्यावर उभी असतात. जुने बंब बदला, हे स्वयंसेवकांचं किती वर्षांचं मागणं आहे.

सुनेला आगीवरच जावं लागेल असंही नाही. रेडिओ, हिशेब, साहित्याची देखभाल, शाळांत जाऊन माहिती देणं, या कामांनाही माणसं हवी असतात. पण तिने आगीवर जायचं ठरवलं, तर पेजर रात्री दोनलाही वाजेल आणि मुलं उठतील. तुम्ही तिकडे जाल तेव्हा त्या रात्री मुलांपाशी झोपा. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांनी तेच केलं. मी परत आले तेव्हा पहाटे त्यांनी काही न विचारता गरम पाणी काढून ठेवलं होतं.

ताई, आमच्या गावात दर हंगामात ऊस जळतो. तारा घासतात, ठिणगी पडते. मागच्या फेब्रुवारीत तीन एकर गेला. नगरपालिकेचा बंब वीस किलोमीटरवर, तो येईपर्यंत फड संपतो. ग्रामपंचायतीत गेलो तर म्हणाले, हा आमचा विषय नाही. तुमच्यासारखी ब्रिगेड आम्ही पोरांनी काढली तर?
– एक तरुण शेतकरी, वाळवा तालुका

तू माझ्याच तालुक्यातला निघालास, म्हणून अरे-तुरे करते.

मी सातवीत असताना आमच्या चुलत्यांचा फड पेटला. दुपारची वेळ होती. पाचटाला आग लागली की आधी आवाज येतो, लग्नात फटाक्यांची माळ लावावी तसा. मग धूर दिसतो. बायका घागरी घेऊन पळाल्या. गड्यांनी पुढच्या सऱ्या तोडून मोकळा पट्टा काढला आणि ओल्या फांद्यांनी झोडपत उभे राहिले. कारखान्याचा बंब आला तेव्हा सगळं काळं झालं होतं. चुलते बांधावर बसून कोयत्याची धार बोटाने तपासत होते, कारण जळलेला ऊस लगेच तोडून घालवला नाही तर वजन घटतं आणि जळीत म्हणून पैसे कापतात ते वेगळंच. ज्याचा जळला त्यानेच रात्रभर टोळ्या शोधत फिरायचं.

तेव्हा ग्रामपंचायतीत काय म्हणाले ते मला कळतं, आणि त्याचं मूळही सांगते. १९९२ मध्ये राज्यघटनेची ७३ वी आणि ७४ वी दुरुस्ती संसदेत मंजूर झाली. शहरांसाठी बारावी अनुसूची आली. तिच्यात १८ विषय, आणि सातवा विषय स्पष्ट लिहिलाय: अग्निशमन सेवा. गावांसाठी अकरावी अनुसूची आली. तिच्यात २९ विषय आहेत. शेती आहे, पाणी आहे, जळण आणि चारा आहे. अग्निशमन सेवा नाही. महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे, पण त्याचा भर इमारतींवर. २०२३ मध्ये केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवा सुधारायला ५,००० कोटींची योजना आणली, त्यात आपल्यासारख्या राज्याला चौथा हिस्सा घालावा लागतो. तो पैसा राज्याच्या सेवेकडे जातो, आणि सेवा आहे शहरांत. ऊस मात्र शहरात पिकत नाही. माझ्या मते ही घटनेतली गाळलेली ओळ आहे आणि आमदारांना, खासदारांना ती दाखवून विचारलं पाहिजे.

पण तुझा फड घटनादुरुस्तीची वाट बघणार नाही, हेही खरं.

व्हिक्टोरियातल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या युट, म्हणजे उघड्या हौद्याच्या, गाडीच्या मागे उन्हाळाभर पाण्याची टाकी, छोटा पंप आणि पाइपाची रीळ बसवलेली असते. बंब येण्याआधी शेजारी पोचतात ते यावर. तुमच्याकडे हे सगळं आधीच आहे. द्राक्षबागेवर औषध मारायचा ट्रॅक्टरचा ब्लोअर म्हणजे पाचशे-सहाशे लिटरची टाकी आणि दाबाचा पंपच. गावात असे ब्लोअर किती, ते मोज. जानेवारी ते मार्च त्यातले दोन औषधाचा अंशही न ठेवता धुऊन, पाण्याने भरून, ठरलेल्या गोठ्यात उभे राहतील का, ते मालकांना विचार.

तीन गोष्टींवर मात्र अडून बस. आधी वीज. फोन सर्वांत आधी वायरमनला, तार बंद झाल्याचं तोंडून ऐकल्याशिवाय पाणी मारायचं नाही. १०१ ला फोनही त्याच वेळी दुसऱ्याने करायचा. उसाच्या आत कोणी शिरायचं नाही, कितीही ओरडा झाला तरी. उभा ऊस जळताना आत वाट दिसत नाही आणि धुरात माणूस चारही बाजूंना वळून तिथेच राहतो. आणि हुकूम एकाचा. आमच्याकडे कॅप्टन आम्हीच मतदानाने निवडतो. भावकीतला मोठा म्हणून नाही. जो घाबरत नाही तोही नको. जो ‘मागे फिरा’ म्हणू शकतो तो निवडा.

पैशाचं लगेच ठरवू नका, पण विम्याचं ठरवा. माझ्या अंगावर बंबाचा गणवेश आहे तोवर मला काही झालं तर भरपाईचा कायदा माझ्यामागे आहे. तुमच्या मागे कोण आहे? केंद्राची ‘आपदा मित्र’ योजना गावोगावच्या स्वयंसेवकांना प्रशिक्षण, साहित्य आणि विमा देत आली आहे. ३५० जिल्ह्यांत एक लाख माणसं, असं तिचं उद्दिष्ट होतं. तिचा भर पुरावर होता, पण तुम्ही कृष्णा-वारणेकाठचे, पूर तुम्हाला नवा नाही. जिल्हाधिकारी कार्यालयात आपत्ती व्यवस्थापनाचं टेबल असतं, तिथे जाऊन नावं देता येतील का ते विचार. आणि ग्रामसभेत एक ठराव मांड, की हे पथक गावाचं आहे. नाव गावाचं लागलं की पुढे खर्च कोणी करायचा, हे गावाला विचारता येतं. आमच्या बिलावर आमचं नाव आम्हाला न विचारता छापलं गेलं. तुमचं नाव कुठे लावायचं, हे तुम्ही आधीच ठरवा.

तोवर कारखान्यावर जा. सुरक्षा विभागात बंबावरच्या माणसाला भेट. त्याच्या होजपाइपाच्या तोंडाचं माप घे, आणि तुमच्या विहिरीवरच्या मोटारीच्या, ब्लोअरच्या पाइपाचंही. बंब येतो, विहिरीत पाणी असतं, आणि तोंडं एकमेकांत बसत नाहीत म्हणून टाकी भरता येत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मधला जोड लेथवर करून मिळतो. मापं मला लिहून पाठव.